विदर्भातील जुने लोखंड आणि त्याचा शोध

वरूडच्या व्याख्यानमालेत खाणी आणि धातू यांच्या इतिहासावर बोलावयाचे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटले असेल. आपला हा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. येथे कुदळ जमिनीत जाते ती पाण्यासाठी. काळ्या दगडात विहीर उतरविणे म्हणजे काय, हे वरूड-मोर्शीच्या बागाईतदाराला सांगावयास नको. पहार, घण आणि सुरुंग यांनी ज्या बापजाद्यांनी विहिरी खणल्या, त्यांच्या नातवंडांना आता बोअर कित्येकशे फूट खाली न्यावी लागते आणि तरीही पाणी लागेलच याचा भरवसा नाही. तेव्हा जमिनीच्या पोटात शिरण्याचा धंदा आपल्याला परका नाही. परंतु त्या पोटातून आपण धातू कधी काढलेला नाही, हेही तितकेच खरे.

गंमत अशी की, ज्या काळ्या दगडात आपण विहिरी खणतो त्याच दगडात लोखंड आहे, आणि तेही थोडेथोडके नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला, आणि त्याच्या वजनात शेकडा दहाच्या आसपास लोह असते. उन्हापावसात पडलेल्या धोंड्याच्या अंगावर तांबूस पापुद्रा चढतो, तो या लोहाच्या गंजाचाच. पण हे लोह दगडाच्या कणाकणांत असे काही अडकलेले असते की, जुन्या काळच्या नव्हे, आजच्या कारखानदारालाही ते परवडेल अशा खर्चात काढता येत नाही. म्हणजे घरात लोखंडाचा डोंगर असून नांगराच्या फाळाला लोखंड नाही, अशी आमची स्थिती! वऱ्हाडातील कुणब्याचा फाळ, सुताराचा वाकस, गाडीची धाव, विहिरीवरची मोट ओढणाऱ्या चाकाचा कणा हे सारे लोखंड बाहेरून आलेले. ते कोठून आले आणि ते पहिल्याने कोणी केले, या प्रश्नाचा माग आम्हांला आज काढावयाचा आहे.

हा माग ग्रंथांत लागत नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. राजांच्या वंशावळी ताम्रपटांत सापडतात, दानपत्रांत गावांच्या सीमा सापडतात. पण भट्टीपुढे भाता ओढणाऱ्याचे नाव कोणी कोरून ठेवले नाही. त्याचा इतिहास शोधावयाचा तो त्याने मागे टाकलेल्या वस्तूंत, आणि पुष्कळदा त्याने कचरा म्हणून फेकून दिलेल्या वस्तूंत. हे शोधकार्य विदर्भात कसकसे होत गेले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

वरूडाहून काटोलमार्गे नागपूर जवळ येऊ लागले म्हणजे जुनापाणी नावाचे ठिकाण लागते. येथे उघड्या माळावर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून ठेवलेले दिसतात. अशी सुमारे तीनशे वर्तुळे या एका जागी मोजली गेली आहेत. खेड्यातील लोक त्यांना जुन्या गवळी राजांचे म्हणत. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या शिळावर्तुळांविषयीचे आपले टिपण प्रसिद्ध केले. धोंड्यांवर कोरलेले वाटीसारखे खळगे त्याच्या नजरेत भरले आणि आपल्या देशातील अशाच खळग्यांची त्याला आठवण झाली. काही वर्तुळे त्याने खणलीही. ही वर्तुळे म्हणजे थडगी होती, आणि त्यांत मृताबरोबर लोखंडाची हत्यारे पुरलेली होती. हे लोखंड किती जुने, हे सांगण्याचे साधन मात्र त्या काळी कोणापाशी नव्हते.

पुढे ऐंशी वर्षे गेली. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी १९६१–६२ मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने उकलली. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे खणून विदर्भाच्या या अज्ञात लोकांना जणू पुन्हा बोलते केले. माहूरझरी हे गावही काटोल रस्त्याच्याच बाजूचे. तेथे माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा अलंकार आणि तोंडात लोखंडाचा लगाम. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्यांची पाती अशी हत्यारे तर पुष्कळच. त्यांतली एक कुऱ्हाड विदर्भाची म्हणून ओळखली जाते. तिला आजच्यासारखे दांड्यासाठी भोक नाही. चपटे पाते दांड्यात बसवून त्यावर लोखंडी पट्ट्या आडव्यातिडव्या आवळलेल्या असत. ज्याने ही युक्ती काढली तो लोहार अनाडी नव्हता. या वसाहतींचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा ठरला.

येथे एक शंका कोणीही काढील, आणि ती रास्तही आहे. थडग्यात लोखंड सापडले म्हणून ते त्याच लोकांनी केले असे कशावरून? घोडेस्वार लोक होते. कोठून तरी लुटून आणले असेल, बैलांच्या पाठीवर घालून व्यापाऱ्यांनी आणले असेल. आज आपल्या घरात कितीतरी वस्तू परदेशच्या असतात. उद्या कोणी आपले घर खणले तर त्या आपण केल्या असे त्याने म्हणावे काय? केवळ सुंदर वस्तू पाहून कारागिरीचे श्रेय वाटून देणारे इतिहासलेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे, आणि आमच्या मते त्याने इतिहासाचे नुकसानच झाले. वस्तू फिरते, भट्टी फिरत नाही. म्हणून भट्टी सापडली पाहिजे.

ती सापडली नैकुंदला. नागपूरच्या उत्तरेस, पारशिवनीच्या बाजूला पेंच नदीच्या काठी हे गाव आहे. वरूडाहून सकाळी निघाले तर पाहून दिवेलागणीला घरी परतता येईल इतक्या अंतरावर. डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात तेथे उत्खनन केले. शिळावर्तुळे होतीच, पण जवळच त्या लोकांच्या राहत्या वस्तीचे पांढरही होते, आणि त्या पांढरीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ही भट्टी केवढी? भिलाईच्या झोतभट्ट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हसू येईल. बुडाशी व्यास सुमारे तीस सेंटीमीटर, उंची पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. मातीच्या वाकवलेल्या विटांचे गोल कडे. तिच्याबरोबर भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, दगडी खनिजाचे तुकडे आणि भट्टीतून वाहून गोठलेला किट्ट. सोन्याची मोहोर सापडली असती तर वर्तमानपत्रांत मोठा मथळा झाला असता. पण आम्हांला विचाराल तर विदर्भाच्या इतिहासाला नैकुंदच्या त्या काळ्या किट्टाची किंमत मोहोरेहून जास्त आहे. वस्तू येथलीच, भट्टी येथलीच, खनिजही तेथेच पडलेले! लोखंड येथे केले जात होते, हे आता अनुमान राहिले नाही.

या एवढ्याशा भट्टीत काय घडत असे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. लाकडी कोळसा आणि हातभाता यांच्या जोरावर अशा भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास मजल जाते. म्हणजे लोखंड त्यात वितळतच नाही. मग ते दगडातून सुटते कसे? लोहखनिज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांची गाठ. कोंडलेल्या हवेत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, तो या गाठीतला प्राणवायू ओढून घेतो आणि लोह मोकळे होते. वितळून नव्हे, जागच्या जागी. दगडातील वाळूचा भाग मात्र काही लोहाशी संयोग पावून बाराशे अंशांच्या सुमारास पातळ होतो आणि खाली वाहतो. तोच किट्ट. मागे उरतो तो स्पंजासारखा सच्छिद्र, किट्टाने माखलेला लोखंडाचा गोळा. तो लालबुंद असतानाच सांडशीने धरून ऐरणीवर घणाने ठोकावा लागतो. ठोकता ठोकता आतला किट्ट पिळून निघतो आणि घडीव लोखंड हाती येते. खनिज भाजणे, कोळसा पाडणे, भाता एकसारखा ठेवणे आणि गोळा नेमका केव्हा बाहेर काढावा हे ज्वाळेच्या रंगावरून ओळखणे, ही सारी विद्या. उष्णतामापक नाही, घड्याळ नाही, पुस्तक नाही. बाप भात्यावर आणि मुलगा शेजारी बसलेला, एवढीच शाळा.

किट्टाचा विषय निघाला म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. पंडित आणि पुरातत्त्वज्ञ किट्टाकडे वळण्याच्या कितीतरी आधी आपले वैद्य त्याकडे वळले होते. आयुर्वेदात मंडूर भस्म म्हणून जे औषध पांडुरोगावर देतात, ते जुन्या लोहकिट्टाचे. शंभर वर्षांचा जुना किट्ट उत्तम, ऐंशी वर्षांचा मध्यम, साठ वर्षांचा हीन, अशी रसशास्त्रकारांनी प्रतच लावून ठेवली आहे. याचा अर्थ एवढाच की, गावोगावच्या वैद्यांना जुन्या भट्ट्यांच्या जागा माहीत असत आणि तेथून किट्ट आणविला जाई. इतिहासाच्या अभ्यासकाने वैद्याच्या कुटुंबातील म्हाताऱ्या माणसाला चार प्रश्न विचारावेत, हे आम्हांला या रसग्रंथांनीच सुचविले.

आता दुसरी पायरी. लोखंड मिळाले, पोलाद मिळाले काय? निव्वळ घडीव लोखंड मऊ असते. त्याची कुऱ्हाड चार घावांत बोथट होईल. त्यात थोडा कार्बन शिरला पाहिजे, शेकडा एकाहूनही कमी. मग ते पोलाद होते आणि तापवून पाण्यात बुडविले की कठीण बनते. आपला लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ ते हेच. अलीकडे जांग-सिक पार्क या कोरियन धातुशास्त्रज्ञांनी डॉ. वसंत शिंदे यांच्याबरोबर विदर्भातील या जुन्या हत्यारांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. कोळशाच्या सान्निध्यात तापवून लोखंडात कार्बन मुरविण्याची आणि पाणी देऊन धार कठीण करण्याची रीत या लोहारांना ठाऊक होती, असे त्यातून दिसून आले. सूक्ष्मदर्शकाचे हे काम पाहिले म्हणजे वाटते, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात आता कोठे आपल्याला दिसू लागला.

अर्थात यावरून ‘जगात सर्वप्रथम लोखंड विदर्भाने केले’ असा डांगोरा पिटू नये. गंगेच्या खोऱ्यात आणि दक्षिणेत याहून जुनी लोखंडाची ठिकाणे सापडली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने शिवगळै वगैरे ठिकाणच्या लोखंडाचा काळ इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर पंडितांत वाद चालू आहे आणि तो चालावा हेच योग्य. पहिला कोण हा प्रश्न शर्यतीच्या घोड्यांना शोभतो. नैकुंदचे महत्त्व पहिलेपणात नाही. खनिजापासून हत्यारापर्यंतची सगळी साखळी एका वस्तीत हाती लागते, यात आहे.

यानंतर मध्ये मोठी पोकळी आहे. आपल्याच जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ मध्ये खणले, तेथे जुन्या थरांत लोखंडी वस्तू मिळाल्या. पवनी, अडम येथेही मिळाल्या. पण भट्टीचा धंदा कोणत्या गावांत, कोणत्या जातींच्या हाती, कोणत्या राजवटीत कसा चालला, याचा धागा कित्येक शतके दिसत नाही. तो एकदम वर येतो अकबराच्या काळी. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. लोणारच्या सरोवराचा उल्लेख आहे आणि काच व साबण यांसाठी लागणारे क्षार तेथे मिळतात असे लिहिले आहे. वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. आणि निर्मळ व इंदूर यांच्या आसपास पोलादाच्या खाणी आहेत असेही म्हटले आहे. पोलादाची खाण असत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण अकबराच्या दरबारात बसलेल्या लेखकाच्या कानी निर्मळचे पोलाद पोचले होते, हे त्यावरून उघड होते. हे निर्मळ आज तेलंगणात आहे. त्या काळी ते वऱ्हाड सुभ्यात मोडत असे.

निर्मळच्या पोलादाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन मिळावयास आणखी सव्वादोनशे वर्षे लागली, आणि त्याचा संबंध पुन्हा आपल्या भागाशी येतो. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करणारा कर्नल लॅम्बटन उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथे आहे. त्याच्या तुकडीत हेन्री व्हॉयसी नावाचा डॉक्टर होता. रोग्यांपेक्षा दगडांतच त्याचा जीव अधिक. त्याने निर्मळच्या दक्षिणेकडील कोनसमुद्रम् गावी पोलाद करताना पाहिले. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड ठराविक प्रमाणात मिसळून मातीच्या बंद मुशीत घालीत आणि ती कित्येक तास भट्टीत ठेवीत. येथे लोखंड खरोखरच वितळते, कारण पुरेसा कार्बन मुरला की त्याचा वितळण्याचा अंश खाली येतो. व्हॉयसीला तेथे इराणातील इस्फहानहून आलेला व्यापारी भेटला. हे पोलाद नेऊन तिकडे तलवारी घडवीत, आणि आपल्या देशात ते करून पाहण्याचे इराण्यांचे प्रयत्न फसले होते. व्हॉयसी १८२४ मध्ये वारला, त्याचे टिपण १८३२ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. २०१० मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ आणि बंगळूरची एक संशोधनसंस्था यांनी मिळून उत्तर तेलंगणाची गावोगाव पाहणी केली, तेव्हा किट्टाच्या आणि मुशींच्या शेकडो जागा नोंदल्या गेल्या. एका प्रवाशाच्या चार पानांचा हा विस्तार! विदर्भाच्या बाजूला अशी सलग पाहणी व्हावयाची आहे.

आता चांद्याकडे वळू. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लोहारा म्हणून गाव आहे आणि त्याच्याजवळची टेकडी म्हणजे जवळजवळ निव्वळ लोहखनिज, शेकडा साठाहून अधिक लोह असलेले. पिंपळगाव, देऊळगाव या बाजूलाही असेच साठे आहेत. तेथील भट्टीवाले पिढ्यान्पिढ्या या खनिजाचे लोखंड करीत होते. १८७० नंतर वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण सुरू झाली आणि भूगर्भ खात्याच्या ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळशाचे सविस्तर वर्णन १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. एकीकडे उत्तम खनिज, चाळीस-पन्नास कोसांच्या आत कोळसा. मग विलायतेसारखा कारखाना का निघू नये? ऑस्ट्रियाचे धातुतज्ज्ञ रिटर फॉन श्वार्त्झ यांना सरकारने हा प्रश्न टाकला आणि १८८२ मध्ये त्यांचा अहवाल निघाला.

तो अहवाल नागपुरात एका गृहस्थाच्या हाती पडला. नागपूरला १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा ते हेच. आपल्या वऱ्हाडच्या कापसावर ज्याने गिरणी चालविली, त्याच्या मनात पोलादाचे बीज पडले ते विदर्भाच्या खनिजाविषयीच्या कागदाने. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासवून घेतला. तो झोतभट्टीच्या कामाचा नाही असे ठरले; त्याचा कोक धड बनत नाही. सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. जमशेटजींनी कागद बाजूला ठेवले, टाकून दिले नाहीत. १८९९ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत अटी सैल होताच ते पुन्हा उठले.

१९०४ मध्ये वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला चांद्याच्या रानात बैलगाड्यांनी हिंडत होते. उन्हाळा, पाण्याचे दुर्भिक्ष, वाघाचे भय. खनिज उत्तम, पण तुटक तुटक. मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे एका जागी नाही. वेल्ड यांनी तसा स्पष्ट निर्णय दिला. बेत सोडल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांच्या भेटीला अवकाश होता म्हणून वेळ घालवावयास ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात ते हे संग्रहालय. तेथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा टांगलेला होता, आणि दुर्ग जिल्ह्यात दाट रंगाने लोहखनिज दाखविलेले होते. ही नोंद प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये केलेल्या पाहणीतली. वेल्ड आणि दोराबजी डल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर चढले तेव्हा पायाखाली धातूसारखा नाद येत होता. खनिज अफाट होते, जवळपास कोळसा आणि पाणी यांची सोय मात्र जमेना. इतक्यात त्याच बोसांनी मयूरभंज संस्थानातून २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना लिहिलेले पत्र विचारात घेतले गेले. त्या पत्रातून गुरुमहिषानीचे खनिज आणि पुढे साकचीचा, म्हणजे जमशेदपूरचा, कारखाना उभा राहिला. २ डिसेंबर १९११ रोजी तेथे पहिले लोखंड वाहिले. जमशेटजी ते पाहावयास नव्हते. १९ मे १९०४ रोजीच ते वारले होते. डल्ली-राजहरा वाया गेला नाही; १९५९ पासून भिलाई त्यावर चालते.

या हकीकतीतून विदर्भाच्या वाट्याला काय आले? भिंतीवरचा नकाशा! असे कोणी उपहासाने म्हणेल, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण आम्हांला अधिक सलते ते दुसरे. चांद्याच्या खनिजाविषयी श्वार्त्झ, टाटा, वेल्ड यांचे अहवाल आहेत, चरित्रे आहेत, पत्रे आहेत. त्याच टेकड्यांवर शेकडो वर्षे भट्ट्या पेटविणाऱ्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. त्यांचा धंदा अडाणी होता म्हणून आपोआप बुडाला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नीट पाहिले तर दोन कारणे ढळढळीत दिसतात. एक आगगाडी. १८६७ मध्ये ती भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि विलायती लोखंडाच्या पट्ट्या व सळया बाजारात स्वस्त झाल्या. बडनेऱ्याहून कापसाच्या गाठी मुंबईला जात आणि परतीच्या डब्यांतून लोखंड येई. दुसरे कारण जंगल. एक शेर लोखंडाला त्याच्या कितीतरी पट लाकडी कोळसा लागतो, आणि १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानातले लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला. भट्टीवाल्याचे खनिज त्याच्या दारात तसेच राहिले. त्याचा कोळसा गेला आणि गिऱ्हाईक गेले. गुजराण तर केली पाहिजे, म्हणून तो विकतच्या विलायती पट्टीचे विळे-कुऱ्हाडी घडवू लागला. लोखंड करणारा केवळ लोखंड घडविणारा झाला, आणि दोन पिढ्यांत भट्टीची विद्या विसरली गेली. मैकल डोंगरातील आगरिया लोकांच्या भट्ट्या टिकून होत्या, त्यांच्यावर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणून निदान त्यांची विद्या कागदावर तरी उतरली. चांद्याच्या भट्टीवाल्यांना असा लेखक लाभला नाही.

मोठ्या भट्टीपुढे लहान भट्टी टिकली असती, असा आमचा दावा नाही. रुळांची आणि पुलांची गरज हातभात्याने भागणारी नव्हती. परंतु त्या रीतीला मागासलेली म्हणून हसणाऱ्यांनी आज घुग्गुसला जाऊन यावे. तेथे स्पाँज आयर्न नावाचे लोखंड होते. त्यात खनिज वितळवीत नाहीत. कोळशाच्या वायूने त्यातला प्राणवायू काढून घेऊन सच्छिद्र लोह मिळवितात. यंत्र लांबच लांब फिरणारे, उष्णता मापून दिलेली, उत्पादन टनांनी. पण तत्त्व नैकुंदच्या त्या वीतभर भट्टीचेच. गडचिरोलीतील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे खाणकाम अलीकडे मोठ्या प्रमाणावर चालू झाले आहे, आणि त्याला तेथील माडिया गावांपैकी अनेकांचा विरोध आहे. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र डोंगर उतरविण्यापूर्वी त्यावर आणि त्याच्या पायथ्याशी जुन्या भट्ट्यांच्या खुणा आहेत काय, याची नोंद व्हावी, एवढे म्हणावयास कोणाची हरकत नसावी. डोंगर गेल्यावर ती नोंद कशाच्या आधारे करणार?

नोंदीची ही निकड आपल्या भागातही आहे. शिळावर्तुळांचे धोंडे घरांच्या पायांत आणि बांधांत जातात. ट्रॅक्टरचा नांगर खोल चालतो, पांढरीची माती शेतात पसरली जाते, किट्टाचे ढीग रस्त्याच्या भरावात जातात. लोहारा, लोहारी, लोहगाव अशा नावांची गावे ठिकठिकाणी आहेत. नावावरून भट्टी सिद्ध होत नाही, कारण लोहार वस्तीला आला तरी गावाला त्याचे नाव पडते. पण अशा गावाच्या शिवारात एक फेरी मारावयास काय हरकत आहे? लोहार आणि खाती यांच्या घरांतील वृद्धांकडे भात्याचे, कोळशाचे, पूजेचे, सोयरिकीच्या गावांचे जे शब्द आहेत तेही टिपून घेतले पाहिजेत. शाळेतील मुले हे काम करू शकतील.

फक्त एक अडचण वऱ्हाडात विशेष आहे. आपल्या काळ्या दगडालाही भोके असतात, आणि अननुभवी माणूस त्यालाच किट्ट समजतो. भोकाभोकांत पांढरे किंवा हिरवट स्फटिक भरलेले दिसले तर तो बेसाल्ट, मग तो कितीही काळा आणि जड असो. किट्टाच्या अंगावर घट्ट पाक ओतून थिजावा तशा वळ्या असतात. तो मोडला तर आतून चकाकी दिसते, पृष्ठभागावर गंजाचे डाग फुटलेले असतात, आणि पुष्कळदा कोळशाच्या तुकड्याचा ठसा उमटलेला असतो. जवळ भाजलेल्या मातीची नळी, एका टोकाला काचेसारखी वितळलेली, आढळली तर शंकाच उरत नाही. असा तुकडा दिसला तर तो घरी आणू नये. शेताचे नाव, गट क्रमांक आणि सापडल्याची तारीख लिहून घ्यावी, जागेचे छायाचित्र काढावे, शेताच्या मालकाला सांगावे आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे. तुकडा जागच्या जागी राहिला तरच त्याच्याखालच्या मातीतला कोळसा मिळेल, आणि भट्टीचा काळ त्या कोळशावरूनच मोजता येतो.